पंचवीस मिनिटांत बाली ते योग्याकार्ता

तिकीट हातात पडल्यावर बाबांनी सगळ्यात आधी केला तो भागाकार.

"१०.४० ला सुटतंय, ११.०५ ला पोहोचतंय. अंतर किती?"

मी नकाशावर मोजून ठेवलं होतं. बालीचा विमानतळ ते योग्याकार्ताचा विमानतळ, सरळ रेषेत साधारण ५७० किलोमीटर. पेपरच्या कडेला पेन्सिल चालली. "ताशी १३६८. आवाजाच्या पुढे पळतंय की हे! कुणीतरी वेळापत्रक चुकवलंय, फोन करून विचार."

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यातली बरीच वर्षं स्वारगेटला. गाडी सुटायची वेळ नि पोहोचायची वेळ यांच्यामध्ये रस्ता बसला पाहिजे, हा त्यांचा जन्माचा हिशोब. मी समजावलं, इंडोनेशियात तीन वेगवेगळ्या वेळा चालतात. बाली आपल्या अडीच तास पुढे, जावा बेट दीड तास पुढे. विमान बालीहून जावाला जातं, म्हणजे वाटेत घड्याळ एक तास मागे येतं. प्रवास खरा आहे एक तास पंचवीस मिनिटांचा.

"पुणे-नागपूर हवेतून किती?"

"सहाशेच्या आसपास."

"मग पुणे-नागपूरला का नाही बदलत वेळ?"

हे मात्र मी बघितलं नव्हतं. बघितलं तेव्हा मजा वाटली. पुणे आणि नागपूर यांच्या रेखांशांत जेवढा फरक आहे, जवळपास तेवढाच बाली आणि योग्याकार्तात आहे, पाच अंशांच्या थोडा वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य ही वाट वीसेक मिनिटांत चालतो. आपण ती वीस मिनिटं पोटात घालून एकाच घड्याळावर राहतो. त्यांनी दोन्हींच्या मधल्या समुद्रात रेघ मारली आहे. बालीसुद्धा आधी जावाच्याच वेळेवर चालायचं, १९८८ च्या १ जानेवारीपासून ते एक तास पुढे गेलं.

बाबांनी ऐकून घेतलं, पण घड्याळ बदलणार नाही म्हणाले. निवृत्तीच्या वेळचं एचएमटी आहे, भारतीय वेळेवरच राहील, कुठे किती मिळवायचं ते तोंडी करू. पुढच्या सहा दिवसांत या हट्टाचा मला किती उपयोग होणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिला दिवस: मुंबई ते बाली

यात सांगण्यासारखं थोडं. जुलै २०२५ चा मधला आठवडा, मी, आई, बाबा. रात्रभर अर्धवट झोप. उतरल्यावर रांग कमी होती, कारण व्हिसा आधीच ऑनलाइन काढला होता (तीस दिवसांचा, माणशी पाच लाख रुपिया, आकडा ऐकून आईने छातीला हात लावला, मग तो आपल्या तीन हजारांच्या आतबाहेर आहे हे कळल्यावर काढला). बालीत शिरायचा वेगळा दीड लाख रुपियांचा पर्यटन कर फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालाय, तोही घरूनच भरून ठेवलेला बरा.

जायच्या आठवड्यात जिवाला घोर होता तो ज्वालामुखीचा. फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीने ७ जुलैला पुन्हा राख फेकली होती नि बालीची बरीच उड्डाणं रद्द झाली होती. आमच्या नशिबाने आकाश स्वच्छ मिळालं. तरी पावसाळा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. या भागात राखेला ऋतू नाही. जोडविमानांच्या मध्ये एक मोकळा दिवस ठेवा.

संध्याकाळी जिंबारानच्या किनाऱ्यावर बसलो. विमानतळाची धावपट्टी तिथून समुद्रात घुसलेली दिसते आणि विमानं लाटांवर टेकल्यासारखी उतरतात. आईने मक्याचं कणीस खाल्लं, बाबांनी उतरणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर मोजलं. कधी तीन मिनिटं, कधी चार. "स्वारगेटपेक्षा बरं आहे," असं प्रमाणपत्र मिळालं.

दुसरा दिवस: शके १९४७

दिवसभरासाठी गाडी ठरवली होती. चालक चाळिशीचा, हसरा, कानाच्या मागे चाफ्याचं फूल. बालीत मोठ्या भावासारख्या माणसाला 'ब्ली' म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. देवळं, भातखाचरं, सगळे जातात त्या जागी आम्हीही गेलो. त्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही.

लक्षात राहिलं ते गाडीतलं बोलणं. विमानतळाचा विषय निघाला तेव्हा ब्ली म्हणाला, आमचा विमानतळ वर्षातून एक दिवस पूर्ण बंद असतो. न्येपी. त्या दिवशी चोवीस तास कुणी घराबाहेर पडत नाही, दिवे लावत नाहीत, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. विमानं उतरत नाहीत नि उडतही नाहीत. तो आमच्या वर्षाचा पहिला दिवस.

"कुठलं वर्ष?" बाबांनी मागच्या सीटवरून विचारलं.

"साका. आता १९४७ चालू आहे."

बाबा पुढे झुकले. "शके १९४७? अगं, आपलंच की हे! शालिवाहन शक!" त्या वर्षी न्येपी २९ मार्चला होती नि आपला पाडवा ३० मार्चला. एका दिवसाचं अंतर. आम्ही पहाटे उठून गुढी उभारतो, ते अंधार करून गप्प बसतात, पण वर्षाचा आकडा एकच. ब्लीला मी फोनमधला गुढीचा फोटो दाखवला. त्याने काठी, वस्त्र, उलटा कलश नीट न्याहाळला आणि म्हणाला, आमच्या पेंजोरसारखं आहे. पेंजोर म्हणजे गालुंगानच्या सणाला दारात उभारतात तो सजवलेला, टोकाला वाकलेला बांबू. मग दोघांनी, एकाचं इंग्रजी मोडकं नि दुसऱ्याचं त्याहून मोडकं, अर्धा तास पंचांगावर चर्चा केली. आई झोपली.

परतताना बाबांनी विचारलं, योग्याकार्ताला फेरीबोटीने नि आगगाडीने नाही का जाता येत? येतं. बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुक, तिथून सामुद्रधुनी ओलांडायला तासाभराच्या आत-बाहेर, पलीकडे केतापांग, आणि तिथून 'श्री तांजुंग' नावाची आगगाडी बारा-तेरा तासांत योग्याकार्ताला पोहोचवते. बोटीतही घड्याळ तासभर मागे जातंच, त्यामुळे नशीब असेल तर सुटल्या वेळेच्या आधी पोहोचता. बाबांचे डोळे चमकले. पण २ जुलैच्या रात्री त्याच सामुद्रधुनीत एक फेरीबोट बुडाली होती, माणसं गेली होती. ब्लीने ते हळू आवाजात सांगितलं आणि आईने विषय बंद केला.

तिसरा दिवस: एक तास गिळणारं विमान

बालीच्या विमानतळाला नाव आहे इ गुस्ती न्गुराह राय यांचं. डचांशी लढताना नोव्हेंबर १९४६ मध्ये पडलेला हा बालीचा तरुण सेनानी. देशांतर्गत विमानांची इमारत वेगळी आहे, टॅक्सीवाल्याला 'डोमेस्टिक' असं ठणकावून सांगा. जाताना खिडकी मागायची तर उजवीकडची. विमान पश्चिमेला जातं, जावाचे सगळे ज्वालामुखी उत्तरेला राहतात. येताना अर्थात डावी बाजू. आम्ही हे आधी वाचलं नव्हतं, बाबांनी नकाशा बघून ठरवलं.

विमान १०.४६ ला हललं. प्रत्यक्ष हवेत आम्ही जेमतेम एक तास दहा मिनिटं होतो, बाकीचा वेळ जमिनीवर रांगण्यात गेला. तिकिटावरचा वेळ हा दारापासून दारापर्यंतचा असतो, उडण्याचा नव्हे. हे बाबांना चटकन पटलं. "आगारातून गाडी बाहेर काढायला लागतोच की वेळ."

दहा मिनिटांत बाली संपलं, निळी सामुद्रधुनी खालून सरकली आणि जावा सुरू झालं. मग ढगांच्या गादीतून एकेक शंकू वर यायला लागला. त्यांतला सगळ्यात उंच सेमेरू, ३६७६ मीटर, जावातलं सर्वोच्च शिखर. त्याच्या टोकावर राखाडी धुराचा एक छोटा झुपका होता, चिलीम ओढल्यासारखा. नाव सुमेरूवरून आलंय हे सांगायला नको. आई एवढा वेळ डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. मी तिला हलवून दाखवलं, तर म्हणाली, "मेरू म्हणतेय तोवर मेरू आलाच."

मधल्या सीटवर माझ्या शेजारी एक मुलगी होती, पंचविशीची, डोक्याला फिकट गुलाबी वस्त्र. बालीतल्या हॉटेलात काम करते, घर योग्याकार्ताच्या दक्षिणेला बांतुलमध्ये. सहा महिन्यांनी घरी चालली होती. मी तिला विचारलं, तासाचा गोंधळ होत नाही का? हसली. म्हणाली, घरी फोन करते तेव्हा आई नेहमी विचारते, तुझा तास की माझा तास? आणि मग तिने मला शब्द शिकवला, 'जाम कारेत'. जाम म्हणजे तास, कारेत म्हणजे रबर. ताणाल तेवढा ताणणारा तास. लग्नाला दहाला या म्हटलं की साडेअकराला जायचं. आमच्याकडे याला काही शब्द नाही, फक्त सवय आहे, असं मी सांगितलं. विमानतळालाही त्यांच्याकडे गोड शब्द आहे, 'बांदारा', 'बांदार उदारा'चं आखूड रूप. हवेचं बंदर. बंदर आपलंच.

घोषणा झाली: स्थानिक वेळ अकरा वाजून दोन मिनिटं. तीन मिनिटं लवकर. बाबांनी मनगट बघितलं, साडेनऊ नि वर दोन, अधिक दीड तास, अकरा-दोन. मान डोलावली.

इथे एक सूचना, जी मला कुणी दिली नव्हती. योग्याकार्ताला दोन विमानतळ आहेत. शहराला चिकटून असलेला जुना आदिसुचिप्तो, आणि पश्चिमेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर कुलोन प्रोगोमध्ये २०२० पासून पूर्ण चालू झालेला नवा. मोठी विमानं आता नव्यावरच येतात. जुन्यापासून बाली साधारण ५३० किलोमीटर होतं, विमानतळ हलला नि अंतर चाळीस किलोमीटरनी वाढलं, तेही शहराच्या पलीकडच्या बाजूला. म्हणजे शहर ओलांडून पुढे उतरायचं आणि मग मागे यायचं. नेटवरचे जुने अंतराचे तक्ते अजून आधीच्याच विमानतळाचे असतात, ते बघून हॉटेलची गाडी मागवू नका.

नवी इमारत समुद्राच्या अगदी जवळ आहे. त्सुनामी आली तर माणसांनी वरच्या मजल्यांवर आसरा घ्यावा अशी तिची बांधणी केली आहे. पाट्या वाचताना पोटात जरा गोळा येतो. शहरात जायला मात्र सोय अशी, की इमारतीतूनच चालत रेल्वे स्टेशनवर जाता येतं. गाडी चाळीसेक मिनिटांत तुगू या मुख्य स्टेशनावर सोडते. साध्या गाडीचं तिकीट वीस हजार रुपिया, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे. गाडी मिनिटावर सुटली. बाबा त्या दिवसापासून जावाचे भक्त झाले.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या गल्लीत अंग्क्रिंगान शोधली. ढकलगाडी, वर ताडपत्री, चटईवर बसायचं. तिथली खासियत 'कोपी जॉस'. काळी गोड कॉफी, आणि पेल्यात चिमट्याने टाकलेला धगधगता निखारा. टाकताना जॉस्स आवाज होतो म्हणून हे नाव. बाबांनी आमटीला कोळशाची धुंगारी दिल्यासारखी चव लागते असं जाहीर केलं. आईने पेल्यातला कोळसा बराच वेळ बघितला आणि चहा मागवला.

चौथा दिवस: पहाटे तीन वाजता रस्त्यावर

आता माझी फजिती. बालीत उतरल्यावर फोनने वेळ आपोआप बदलली नव्हती म्हणून मी ती हाताने लावली होती. योग्याकार्तात उतरल्यावर "नंतर बदलते" म्हटलं नि विसरले. संध्याकाळी लक्षात यायला हवं होतं, पण सूर्याने दगा दिला. बालीत आदल्या दिवशी सहा-दहाच्या सुमाराला मावळला होता, इथे माझ्या फोननुसार साडेसहा नंतर. त्यात वावगं काय वाटणार?

बोरोबुदुर या प्राचीन बौद्ध स्तूपाजवळच्या टेकडीवरून सूर्योदय बघायचा होता, गाडी चारला येणार होती. गजर झाला, दोघांना उठवलं, स्वेटर घालून फाटकाशी उभे. जुलैत इथल्या पहाटा गार असतात, जावातले लोक या थंडीला 'बेदिदिंग' म्हणतात, आणि मला ती अंगात शिरेपर्यंत कळली. सव्वाचार झाले, साडेचार झाले. मी म्हटलं, जाम कारेत. आई म्हणाली, फोन कर. मी करणारच होते, तेवढ्यात बाबांनी मनगट दिव्याखाली धरलं.

"माझ्यात दोन वाजलेत. अधिक दीड, साडेतीन. तुझे साडेचार कुठून आले?"

कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याने आमच्याकडे तीन भुतं बघावीत तसं बघितलं आणि नंतर आपल्या थर्मासातला आल्याचा चहा दिला. 'पाक' म्हणून हाक मारली की तिथले वडीलधारे प्रसन्न होतात. त्याने बाबांना 'पाक' म्हटलं, बाबांनी त्याला. एक शब्द भाषेचा समान नसताना हे दोन पाक अर्धा तास एकमेकांना घड्याळं दाखवत बसले. गाडी चार वाजून शून्य मिनिटांनी आली. चालक पोरगेला, त्याला 'मास' म्हणायचं. तो मला वेळेबद्दल सॉरी म्हणायच्या आत मीच म्हणाले.

पुंथुक सेतुंबू ही टेकडी फार उंच नाही, पायऱ्या आहेत, बहात्तर वर्षांचे बाबा तीनदा थांबून चढले. पावणेसहाला मेरापी आणि मेरबाबू या दोन डोंगरांच्या बाजूने तांबडं फुटलं. खाली सगळी दरी धुक्याने भरलेली, त्यात माडांचे शेंडे, आणि खूप दूर एक काळपट टेंगूळ. ते टेंगूळ म्हणजे बोरोबुदुर. फोटोत ते जवळ दिसतं, प्रत्यक्षात डोळे बारीक करून शोधावं लागतं. तेवढ्यासाठी तीनला उठावं का? चारला उठा.

वास्तूवर चढायचं वेगळं तिकीट असतं, रोज फक्त १२०० माणसांना, ठरावीक तुकड्यांत, वाटाड्यासोबत. परदेशी प्रौढांना साडेचार लाखांच्या वर रुपिया पडतात, आधी ऑनलाइन काढा, आणि सोमवारी वर सोडत नाहीत. दगड झिजू नयेत म्हणून आपल्या चपला काढून त्यांच्या घालायच्या, विणलेल्या, पातळ. त्यांचं नाव 'उपानात'. आईला संस्कृत येतं. "उपानह्!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुढची डच मंडळी वळली. चपला घरी आणता येतात, आता आईची ती देवघरात जायची चप्पल आहे.

वर काय बघावं? सगळं बघून होत नाही. ५०४ बुद्ध, वरच्या गोल पायऱ्यांवर जाळीचे ७२ स्तूप, आणि भिंतींवर मैलोगणती कथा. पहिल्या सज्ज्यावर ललितविस्तर या बौद्ध ग्रंथातल्या बुद्धचरित्राचे १२० पट आहेत. आम्हाला वाटाड्याने दाखवलेलं शिडांचं जहाज आवडलं. बाराशे वर्षांपूर्वीचं, लाटांवर उचललेलं, बाजूला आधाराची लाकडं बांधलेलं. बाबा तिथेच थांबले. ही माणसं घड्याळ नसताना कुठून कुठे जात होती, याचा विचार करत होते बहुतेक. मग म्हणाले, भूक लागली.

दुपारी विजिलान गल्लीत गुदेग. कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन्‌तास शिजवतात, सागाची पानं घालून तांबूस रंग आणतात. कोकणातल्या आजोळी कुयरीची भाजी खाल्लेल्यांना ओळख पटेल, पण गोड इतकं की पहिल्या घासाला वाटतं, आधी गोडाचं पान वाढलंय. शाकाहारी असाल तर दोन गोष्टी. सोबत तांबडी, तिखट, भजीसारखी दिसणारी 'क्रेचेक' असते, ती जनावराची कातडी. आणि बऱ्याच चटण्यांत सुकटीचा अर्क म्हणावा असा 'तेरासी' पडतो. 'तान्पा दागिंग' म्हणजे मांस नको, पण एवढ्याने भागत नाही, कोळंबी नि मासेही वेगळे नाकारावे लागतात. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, शेंगदाण्याच्या चटणीतली पेचेल ही भाजी, भात. आईचे चार दिवस त्यावर मजेत गेले.

संध्याकाळी आम्ही राहत होतो त्या घराच्या मालकीणबाईंच्या भिंतीवर दिनदर्शिका दिसली. बाबांनी चष्मा लावला. जावाचं वर्ष १९५९.

"बालीत १९४७, इथे १९५९? विमानात एक तास मागे आलो नि बारा वर्षं पुढे?"

मालकीणबाईंच्या लेकाने उलगडून सांगितलं. जावातही पूर्वी शकच चालायचा. १६३३ साली, शके १५५५ मध्ये, जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने मोजणी इस्लामी चांद्रवर्षांवर नेली, पण वर्षाचा आकडा मोडला नाही, १५५५ वरूनच पुढे चालू ठेवला. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी आखूड, म्हणून ते पुढे पुढे पळत गेलं. चारशे वर्षांत बारा वर्षांची आघाडी. बाबांनी याचा भागाकार पेपर नॅपकिनवर केला आणि उत्तर बरोबर आलं. त्या दिवशी ते लवकर झोपले, समाधानाने.

पाचवा दिवस: खोटी पहाट

प्रांबाननच्या मंदिरांकडे जाताना रस्त्यालगत जुना आदिसुचिप्तो विमानतळ लागतो. आमचा मास म्हणाला, हे नाव भारताशी जोडलेलं आहे, माहीत आहे का? नव्हतं. २९ जुलै १९४७ ला सिंगापूरहून औषधं घेऊन येणारं एक डाकोटा विमान डचांनी योग्याकार्ताजवळ पाडलं. त्यात इंडोनेशियाच्या हवाई दलाचे आदिसुचिप्तो गेले. विमान भारतातलं होतं, शेपटीवर नोंदणीची अक्षरं व्हीटी-सीएलए, मालक बिजू पटनायक. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा सतरा दिवस उरले होते. गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. बाबांनी खिडकीतून धावपट्टीच्या कुंपणाकडे बघून हात जोडले.

प्रांबानन नवव्या शतकातलं. मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच, बाजूंना ब्रह्मा आणि विष्णू. शिवाच्या मंदिरात मागच्या बाजूला गणपती बसलाय, अंधाऱ्या गाभाऱ्यात, एकटा, फुलाशिवाय. आईने पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली, मग पाटी वाचली, परत ठेवली. कठड्याच्या आतल्या बाजूला रामायण कोरलंय, ते शिवाच्या मंदिरात सुरू होतं आणि ब्रह्माच्या मंदिरात संपतं, म्हणून मध्ये उतरून परत चढायचं.

उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे. लोक तिला रोरो जोंग्रांग म्हणतात, आणि तिची गोष्ट आमच्या प्रवासासाठीच रचल्यासारखी. बांदुंग बोंदोवोसो नावाच्या राजपुत्राला तिच्याशी लग्न करायचं होतं. ती म्हणाली, एका रात्रीत हजार मंदिरं बांध. त्याने भुतं लावली, काम पुरं होत आलं. मग हिने गावातल्या बायकांना उठवलं, उखळात भात कांडायला लावलं, पूर्वेला आगी पेटवल्या. कोंबड्यांना वाटलं उजाडलं, ते आरवले, भुतं पळाली. एक मंदिर कमी पडलं. चिडून त्याने तिलाच दगड केलं, तीच ही मूर्ती.

"म्हणजे घड्याळ पुढे करून फसवलं," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

रात्री उघड्या रंगमंचावर रामायण नृत्य. मे ते ऑक्टोबर उघड्यावर असतं, ठरावीक वारीच, आम्ही शनिवार धरला होता. एकही संवाद नाही, फक्त गामेलान हा जावाचा वाद्यवृंद आणि नाच, मागे दिव्यांत उजळलेली मंदिरं. लंकादहनाला खरी आग लावतात. आमच्या पुढच्या रांगेत शाळेची सहल होती, हिजाब घातलेल्या तीसेक मुली, आणि हनुमान उडी मारून आला तेव्हा सगळ्यांत जास्त शिट्ट्या तिथून. शाल न्या, डासांचं मलमही.

सहावा दिवस: तास परत

सकाळी बाकपिया घेतली. मुगाचं गोड पुरण भरलेली छोटी खुसखुशीत बिस्किटं. ताजी गरम खावी, चार-पाच दिवस टिकतात, मात्र डब्यातली किती टिकतील ते माणसांवर आहे. मग तीच आगगाडी, तोच विमानतळ.

परतीचं तिकीट: ११.४० ते १४.०५. आदल्या फजितीने मी इतकी सावध झाले होते की ब्लीला संदेश पाठवताना अगदी विचार करून लिहिलं: बाली एक तास पुढे, म्हणजे १५.०५ ला ये. डाव्या खिडकीतून मेरापी, मग लावू नावाचा डोंगर, मग ढग, मग सेमेरूचं फक्त टोक. १४.०३ ला उतरलो. पंधरा मिनिटांत सामान हातात. बाहेर ब्ली नाही.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावाच्याच छापलेल्या असतात. मी त्यात आणखी एक तास मिळवला होता.

फोन केला असता तर तो धावत आला असता, पण चूक माझी, त्याचं जेवण कशाला मोडा. आम्ही कॉफीच्या दुकानात बसलो. आईने बाकपियाचा डबा फोडला. बाबांनी दोन्ही बोर्डिंग पास शेजारी ठेवले आणि खिशातून पेन्सिल काढली.

"हे बघ. जाताना पंचवीस मिनिटं. येताना दोन तास पंचवीस. बेरीज दोन तास पन्नास, निम्मे केले की एक पंचवीस. मिळवलेला तास नि गमावलेला तास एकमेकांना खाऊन टाकतात. दोन्ही बाजूंची तिकिटं असली की वेळेची रेघ कुठे आहे ते माहीत नसलं तरी चालतं." थोडं थांबून खाली अजून एक ओळ लिहिली. "५७० ला एक तास पंचवीस. ताशी ४०२. हां, आता बसतंय."

"आवाजाच्या मागेच ना?" आईने विचारलं.

"बऱ्याच मागे."

तीन वाजून पाच मिनिटांनी काचेबाहेर ब्ली दिसला, कानामागे ताजं फूल. बाबांनी मनगट बघितलं, साडेबारा नि वर पाच, ओठ हलवून अडीच तास मिळवले आणि शेवटची बाकपिया त्याच्यासाठी कागदात गुंडाळली.